गोधड्यांचं प्रदर्शन बघायला जाताय? आईला बरोबर न्या

ऐरोलीच्या ताई,

तुमची आई आयुष्यभर गोधड्या शिवत आली, तुम्ही आता तिच्याकडून शिकताय, आणि परदेशातल्या क्विल्ट शोचे (क्विल्ट म्हणजे तिकडची गोधडी) फोटो बघून आपल्याकडेही असं काही बघावं असं तुम्हाला वाटू लागलंय. कुठे जायचं, गेल्यावर काय बघायचं आणि गुडघे दुखणाऱ्या आईला त्यात ओढायचं का, असं तुम्ही विचारलंत. मी नौपाड्यात राहते. वीसेक वर्षं हाताने गोधड्या शिवते आणि जमतील तितकी प्रदर्शनं बघते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आईला न्याच.

काही वर्षांपूर्वी मुंबईत एका दालनात जुन्या गोधड्या भिंतीवर लावल्या होत्या. सासूबाईंना मी जवळजवळ बळेच नेलं. त्या बार्शीकडच्या, गोधडीला वाकळच म्हणतात. "वाकळा बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?" असं गाडीत दोनदा म्हणून झालं. आत गेल्यावर मी रंग बघत होते, तुकड्यांची मांडणी बघत होते. त्या एका वाकळेपुढे थांबल्या, जरा वाकल्या आणि म्हणाल्या, "ही दोघींनी शिवलीय." कशावरून, विचारलं तर बोट न लावता दाखवलं. डावीकडून निम्म्यापर्यंत टाका बारीक, गव्हाच्या दाण्याएवढा, आणि ओळ सरळ. तिथून पुढे टाका लांबट, दोरा ओढलेला, म्हणून कापडाला चुण्या. "ही शिकणारी पोरगी असणार," म्हणाल्या. खालच्या पाटीवर फक्त "गोधडी, महाराष्ट्र, सुती कापड" एवढंच लिहिलं होतं. जे पाटीवर नव्हतं ते चौथी शिकलेल्या सासूबाईंनी अर्ध्या मिनिटात वाचलं.

तेव्हापासून मी प्रदर्शन वेगळ्या तऱ्हेने बघते. आधी दहा पावलं मागे जाऊन डोळे किलकिले करते, म्हणजे नक्षी विरते आणि फक्त गडद-फिका भाग उरतो. शिवणारीने रंग कसे तोलले ते तिथूनच कळतं. मग टाका दिसेल इतकी जवळ जाते. मांडणीत तसं असेल तर शेवटी मागची बाजू बघते. माझ्या मते खरं शिक्षण मागच्या बाजूला आहे. गाठी कुठे लपवल्या, दोरा संपल्यावर नवा कसा घेतला, अस्तर अखंड आहे की तेही जोडाचं, सगळं तिथे उघडं असतं. हाताच्या धावदोऱ्यात टाका आणि रिकामी जागा दोन्ही बाजूंना दिसते. साध्या मशीनची टीप दोन्हीकडून सलग असते. आता हातासारखा तुटक टाका घालणारी यंत्रंही आली आहेत. पुढून फसायला होतं, मागून सहसा नाही.

मागची बाजू बघायला कापडाला हात मात्र लावू नका. बोटांचा घाम आणि तेल सुताला हळूहळू खातं. पहिल्या वर्षी मी न विचारता एका गोधडीचा कोपरा उलटला होता आणि तिथल्या स्वयंसेवक मुलीने मला थांबवलं. तिचं बरोबर होतं. अमेरिकेतल्या बऱ्याच शोमध्ये पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक उभे असतात आणि तुम्ही म्हणाल ती क्विल्ट उलटून दाखवतात. आपल्याकडे स्टॉलवर बसलेल्या बाईला "मागून दाखवता का?" असं विचारा. आनंदाने दाखवतात. हा प्रश्न आला की समोरचीला शिवणकाम कळतं हे त्यांना समजतं आणि गप्पांचा सूरच बदलतो.

गोधडी भिंतीवर टांगून चित्रासारखी बघण्याची पद्धत फार जुनी नाही. 1971 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जुन्या अमेरिकन क्विल्ट चित्रांसारख्या भिंतींवर लावल्या गेल्या आणि घरातल्या पांघरुणाकडे लोक कला म्हणून बघू लागले. पण तिथे भर आकारांवर आणि रंगांवर होता, त्या शिवणाऱ्या बायांवर नव्हता. 2002 साली अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायांच्या क्विल्ट आधी ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग व्हिटनीत लागल्या. शेतात कामाला घालायच्या जुन्या कपड्यांच्या, डेनिमच्या त्या गोधड्या शिवणाऱ्यांच्या नावांसकट लावल्या होत्या. त्यांचे फोटो आईला दाखवा. आपल्या जुनेराच्या गोधडीशी त्यांचं नातं तिला लगेच ओळखू येईल.

आपल्या देशातले प्रकार ओळखता आले की बघण्यात रंगत येते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी समाजाचे लोक कवंदी नावाची गोधडी शिवतात. ती कडेपासून सुरू होते आणि आयतामागे आयत करत मध्यभागी संपते. वर आधी तुकडे जोडून मग धावदोरा घालायचा असं तिथे नसतं, ठिगळ लावणं आणि टाका घालणं एकाच वेळी चालतं. चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुलं असतात, ती आधी शोधा. बंगालच्या कांथ्यात जुन्या साड्यांचे थर आणि पूर्वी त्याच साड्यांच्या काठांतून उसवून काढलेला दोरा. बिहारच्या सुजनीत मात्र बाया गोष्टी शिवतात. मुझफ्फरपूरकडच्या सुजनीत गावातले प्रश्न, बायकांची दुखणी टाक्यांत मांडलेली असतात. कच्छ-राजस्थानकडची रल्ली लांबून झळकते, पण तिचा धावदोरा जवळून बघा, इतका जवळजवळ असतो की कापड खरखरीत लागतं. आपल्या गोधडीत कापसाचा थर सहसा नसतोच, आत जुनी लुगडी, धोतरं असतात. सासूबाईंच्या एका वाकळेत इरकलीचे काठ आहेत, ते आजही लखलखतात.

कुठे जायचं, ते आता. गोधड्या आपल्याकडे हस्तकलेच्या मोठ्या मेळ्यांत शोधाव्या लागतात. तुम्हाला सगळ्यात सोयीचं बेलापूरचं अर्बन हाट. ऐरोलीहून पनवेल लोकल थेट आहे, स्टेशनवरून रिक्षा करा, आईला चालवू नका. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रातही हातमागाचे आणि बचत गटांचे मेळे भरतात, ते स्टेशनजवळच आहे. ठाण्यात कापूरबावडीचं कला भवन आहे, आणि उपवनच्या तलावाकाठी भरणाऱ्या संस्कृती आर्ट फेस्टिव्हलमध्ये कारागिरांच्या रांगेत एखादी गोधडीवाली सापडते. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात भरगच्च. जमलं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी जा. रविवारी संध्याकाळी गर्दीत कारागिराला बोलायला उसंत नसते.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्त्रांचं स्वतंत्र दालन आहे, आणि तिथल्याच कुमारस्वामी हॉलमध्ये हातमागाची, हस्तकलेची विक्री-प्रदर्शनं भरतात. काळा घोडा महोत्सव जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत असतो, त्याच्याशी दिवस जुळवला तर एका खेपेत बरंच होतं. वस्त्रांच्या दालनात गेल्यावर अंधार वाटेल. जुन्या कापडावर उजेड साधारण 50 लक्सपर्यंतच (लक्स हे उजेड मोजायचं माप) ठेवतात, कारण उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. दारातून आत गेल्यावर पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहा, डोळे सरावले की रंग उमलायला लागतात. याच कारणाने जुनी वस्त्रं काही महिन्यांनी उतरवून विश्रांतीला ठेवतात आणि दुसरी लावतात. म्हणून तिथे एकदा जाऊन आलं की झालं, असं समजू नका.

जरा लांब जायची तयारी असेल तर अहमदाबादचं कॅलिको म्युझियम. 1949 साली साराभाई कुटुंबाने सुरू केलेलं. आधी नोंदणी करावी लागते आणि फोटो काढू देत नाहीत. मला ते फार आवडलं, कारण हातात फोन नसला की माणूस कापडाकडे बघतो. चेन्नईत 2019 साली क्विल्टचा मोठा महोत्सव भरला होता, आपल्या देशातल्या क्विल्ट शिवणाऱ्या बाया किती आहेत हे तिथे दिसलं. ह्यूस्टनचा आणि बर्मिंगहॅमचा मेळा तुम्ही फोटोंत बघितलाच आहे.

"टेक्स्टाईल आर्ट" असं लिहिलेलं असलं की आपल्याला कळणार नाही, असं तुम्ही म्हणता. वस्तू कशाची आहे आणि हाताने काय केलंय, एवढं आधी बघा. मुंबईच्या मोनिका कोरिया यांची विणलेली भित्तिवस्त्रं कधी समोर आली तर उभे धागे बघा. मागावर उभे धागे फणीतून जातात म्हणून सरळ आणि सारख्या अंतरावर राहतात. त्या विणता विणता मध्येच फणी काढतात, मग धागे मोकळे होऊन वाहत्या पाण्यासारखे सरकतात. हे कळल्यावर मला त्यापुढे कुठलीच व्याख्या लागली नाही.

विकत घेण्याबद्दल थोडं. घासाघीस करण्याआधी एक हिशोब करून बघा. 5 फूट बाय 7 फूट गोधडी, ओळींमध्ये अर्धा इंच अंतर, म्हणजे 120 ओळी आणि 840 फूट शिवण. इंचाला चार टाके धरले तर 40,320 टाके. हे मी माझ्या एका गोधडीसाठी मांडलं होतं, तेव्हापासून हाताने शिवलेल्या वस्तूचा भाव मी पाडलेला नाही. महाग वाटली तर घेत नाही, तेवढंच. फसवणूकही असते. एका मेळ्यात "हातकांथा" म्हणून घेतलेला स्टोल घरी येऊन उजेडात बघितला तर टाके छापलेले निघाले. दुकानात मी तो उलटून बघितला नव्हता. छपाईचा रंग मागे फिका पडतो आणि बोटाला टाक्याचा उठाव लागत नाही, एवढं लक्षात ठेवा. पैठणी बघतानाही पदर उलटा. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही तशीच स्वच्छ असते, मशीनच्या साडीला मागे कापलेले धागे लोंबतात.

त्या दालनातली पाटी मात्र माझ्या मनातून अजून जात नाही. दोघींनी शिवलेली वाकळ, आणि नाव एकीचंही नाही. त्या रात्री घरी येऊन मी सासूबाईंच्या सगळ्या वाकळा काढल्या. पांढऱ्या सुती कापडाच्या तळहाताएवढ्या पट्ट्या कापल्या, त्यावर न धुणाऱ्या शाईने नाव, गाव, साल आणि आत कोणाची जुनेरं आहेत ते लिहिलं, आणि प्रत्येकीच्या मागे कोपऱ्यात टाचून टाकलं. काही सालं त्यांना आठवेनात, मग "मोठ्याच्या मुंजीच्या आधी" असं लिहिलं. तुम्हीही हे याच महिन्यात करा, आई सांगू शकते तोवर. पुढे कधी एखाद्या प्रदर्शनाला गोधडी द्यायची झाली तर मागे वरच्या कडेला चार इंच रुंद कापडाची नळी शिवून ठेवा. तिच्यातून दांडी जाते आणि वजन सगळ्या रुंदीवर वाटलं जातं. खिळ्यांवर किंवा क्लिपांवर कधीच टांगू देऊ नका, कापड त्या दोन बिंदूंवर फाटतं.

आईसाठी: आत बसायला बाकं आहेत का ते आधी फोन करून विचारा, घडीचं छोटं स्टूल नेऊ देतात का तेही. दोन तासांपेक्षा जास्त वेळ ठरवू नका. सगळं बघायची गरज नाही, तिला जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबा आणि तिच्या बोलण्यात मध्ये बोलू नका, जमलं तर फोनवर ते टिपून ठेवा. आणि घरातल्या दोन-तीन गोधड्यांचे फोटो बरोबर न्या, पुढून आणि मागून. बेलापूरला एका कच्छी बाईला मी सासूबाईंच्या वाकळेचा मागचा फोटो दाखवला होता. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्या बाईने फोटो मोठा करून बघितला, बोटांनी थर मोजल्यासारखं करून भुवया उंचावल्या. सासूबाईंनी चार बोटं दाखवली. मग तिने आपली रल्ली उलटी करून त्यांच्या मांडीवर पसरली, आणि पुढचा अर्धा तास मला तिथून त्यांना उठवता आलं नाही.