जुन्या एमजीबीला १५ इंची रुंद चाकं टाकावीत की मूळची १४ इंची तारांची चाकंच ठेवावीत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: काकांची १९६७ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, तुमच्याकडे आली आहे, तारांची चाकं तशीच आहेत, टायर मात्र सगळे तडकलेत. टायरवाला म्हणतो, हा साइज आता मिळत नाही, १५ इंची अलॉय आणि १९५ चे टायर टाका, गाडी रस्त्याला चिकटून चालेल. तसं करावं का?

नका करू. १६५/८० आर १४ घ्या, तारांची चाकं ठेवा. माझ्या सासऱ्यांची याच मॉडेलची गाडी गेली दहा वर्षं मी सांभाळतो आहे. तुम्ही आज ज्या वळणावर उभे आहात तिथेच एकदा मी चुकीचं वळण घेतलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते ‘साइज मिळत नाही’ प्रकरण. या रोडस्टरला कारखान्यातून ५.६०-१४ चे क्रॉसप्लाय (आतले धागे तिरपे, जुन्या पद्धतीचे) टायर यायचे. रेडियल (आज सगळीकडे मिळतो तो प्रकार) हवा असेल तर १५५-१४, आणि छतवाल्या जीटीला १६५-१४. त्या काळी टायरवर रुंदी आणि रिम एवढेच दोन आकडे छापत. बाजूची उंची रुंदीच्या साधारण ८० ते ८२ टक्के असायची, ते सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. आज दुकानदार कॉम्प्युटरवर ‘१६५-१४’ टाकतो आणि काहीच सापडत नाही, कारण मधला आकडा नाही. तोच टायर १६५/८० आर १४ म्हणून मागा. जुन्या स्विफ्ट-डिझायरच्या खालच्या मॉडेलांना हाच साइज असायचा, त्यामुळे नागपुरात एखाद दिवस थांबलात तर चारही मिळतील.

हा टायर गाडीला पुरेल का, ही शंका साहजिक आहे. या साइजवर बहुतेक वेळा ८५टी लिहिलेलं असतं. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर. तुमची अख्खी गाडी हजार किलोच्या आतली आणि नवी असताना तिचा कमाल वेग १६५ च्या आसपास. पुरेल, आणि भरपूर पुरेल.

आता १८५ किंवा १९५ का नको. टायर निवडताना लोक चाकाची कमान किती मोकळी आहे ते बघतात, पण खरं बघायचं ते रिमची रुंदी. तुमच्या साठ तारांच्या चाकाची रिम साडेचार इंच रुंद आहे. १६५ चा टायर तिच्यावर आरामात बसतो. १८५/७० आर १४ साठी साडेचार ही किमान रुंदी, म्हणजे अगदी काठावर. १८५/६५ ला पाच इंच लागतात, १९५/६० आर १५ ला साडेपाच. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या बाजू आत ओढल्या जातात आणि टायर मधून फुगतो. मग वळणावर गाडी आधी टायरच्या बाजूंवर डोलते आणि नंतर वळते. ज्या पकडीसाठी पैसे टाकले, तीच जाते.

मी १८५/७० टाकले होते. दुकानातल्या माणसाने सांगितलं, ‘भाऊ, एक नंबर दिसेल’, आणि दिसलीही छान. पुढच्या रविवारी रामटेकला निघालो. मनसरला हायवे सोडून उजवीकडे वळताना मागून खरखर आवाज आला आणि जळक्या रबराचा वास. गाडी बाजूला घेऊन डाव्या मागच्या चाकाच्या कमानीत हात घातला. आतल्या बाजूला दुमडलेला पत्रा असतो, त्याची धार बोटभर लांब चकचकीत घासून निघाली होती आणि टायरच्या बाजूवर तिची बारीक रेघ उठली होती. नख फिरवलं तर नख अडकत होतं. दोन माणसं आणि मागे सामान, एवढ्याच वजनावर. बऱ्याच एमजीबींमध्ये डावीकडची मोकळी जागा उजवीपेक्षा कमी असते, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही टेपने दोन्ही बाजू मोजून बघा.

स्टिअरिंगचंही तेच. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. १६५ वर सीताबर्डीच्या गर्दीत एका हाताने वळवता येते. १८५ वर मला खांदे लावावे लागत. शिवाय जास्त पकडीचा ताण कुठेतरी जातोच, आणि इथे तो तारांवर आणि पुढच्या किंगपिनवर (पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं तिच्यावर) जातो. गाडी बनवणाऱ्यांनी ती अरुंद टायर धरूनच जुळवली होती. वेग वाढत गेला की ती हळूहळू सुटायला लागते आणि सुटण्याआधी हाताला सांगते. या गाडीची मजा त्या सांगण्यात आहे असं मला मनापासून वाटतं, आणि रुंद टायर नेमकं तेच बंद करतात.

व्यासाचा हिशेब एकदा स्वतः करून बघा. १६५ चे ८० टक्के १३२ मिलिमीटर, दोन्ही बाजूंचे २६४, अधिक १४ इंचांचे ३५५.६, म्हणजे साधारण ६२० मिलिमीटर. १८५/७० चा ६१५ येतो, १९५/६० आर १५ चाही ६१५, तेव्हा त्यांत फरक नाही म्हणा. पण १८५/६५ आर १४ फक्त ५९६ भरतो. काट्यावर १०० दिसतील तेव्हा गाडी ९६ ने जात असेल आणि इंजिन तेवढं जास्त फिरेल. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन हळू फिरू देणारा जास्तीचा गिअर) नसेल तर १०० च्या वेगाला हे इंजिन आधीच साडेतीन हजारांच्या आसपास फिरतं. त्यात भर कशाला?

बाजारातल्या अलॉयबद्दल थोडक्यात. तारांचं चाक मधल्या एकाच नटवर बसतं. बोल्टवाली अलॉय लावायची तर हबच बदलावे लागतात, आणि तारांच्या चाकांसाठी मागचा अ‍ॅक्सल कमी रुंद दिलेला असल्याने मापं पुन्हा जुळवावी लागतात. एमजीबीच्या चार बोल्टांचं वर्तुळ ११४.३ मिलिमीटरचं, आजच्या स्विफ्टचं १०० चं. ‘भोकं वाढवून देतो’ असं कोणी म्हणालं तर त्या दुकानातून सरळ बाहेर या.

रुंदीपेक्षा मला जास्त काळजी टायरच्या वयाची वाटते. आपल्या इकडे नवतप्यात पारा ४५ च्या वर जातो, खाली सिमेंटचे रस्ते तापलेले, आणि अशी गाडी महिनोन्‌महिने एकाच जागी उभी. नक्षी पूर्ण शाबूत दिसते पण रबर आतून मेलेलं असतं. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. खरेदी करताना चारही टायरवरचे आकडे स्वतः वाचा. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. सहा-सात वर्षांनंतर मी नक्षी न बघताच बदलतो. समृद्धीवर मोठ्या गाड्यांचे टायर फुटलेले आपण बघतोच. त्या सिमेंटवर या गाडीने ८०-९० च्या वर जाऊच नका.

तारांच्या चाकाला ट्यूब लागतेच, कारण तारांच्या टोकांतून हवा जाते. ट्यूब रेडियलचीच मागा. टायर चढवण्याआधी तीन गोष्टी तुमच्यासमोर करून घ्या. रिमच्या आत वर आलेली तारांची टोकं घासून सपाट करायची, त्यावर रिमची पट्टी नीट बसवायची, आणि टायरच्या आत चिकटवलेला कागद काढायचा. हा कागद माझ्या एका टायरमध्ये राहून गेला होता. दोन महिन्यांनी ट्यूब काढली तेव्हा त्याच आकाराचा चौकोन ट्यूबवर घासून इतका पातळ झाला होता की त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता.

चाकं उतरवली आहेतच तर एकेका तारेवर छोट्या पान्याने टिचकी मारा. चांगली तार टण्ण वाजते, ढिली भद्द. चार-पाच भद्द निघाल्या तर आधी चाक दुरुस्त करा, टायर नंतर. हबवरचे दातेही बघा. टोकदार आणि एका बाजूला झुकलेले दिसले तर ते गेलेत. गाडी रिव्हर्सला घालताना मागून ‘टक्’ येत असेल तरी तेच. दाते चांगले असतील तर ग्रीस लावून चाक चढवा. बॅलन्सिंगच्या नेहमीच्या मशीनवर हे चाक मधोमध बसत नाही, हबच्या उताराशी जुळणारे कोन लागतात. ते ज्याच्याकडे असतील त्याच्याकडेच जा.

हवेचा आकडाही दुकानावर सोडू नका, तिथे सरसकट ३२-३३ मारतात. हँडबुकात रेडियलसाठी पुढे २१ आणि मागे २४ पौंड आहेत. मी २४ आणि २६ ठेवतो, सकाळी टायर थंड असताना मोजून.

मधल्या नटाला हातोडीने ठोकायचे पंख असतात. नट सोडताना वरचा पंख गाडीच्या तोंडाकडे जातो, आवळताना मागे, दोन्ही बाजूंना हाच नियम. डावी-उजवी नटं एकमेकांत बदलू देऊ नका, आटे उलटे असतात. अदलाबदल झाली तर चालता चालता नट आपोआप सुटतो. नवे टायर लावल्यावर पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबून चारही नट तांब्याच्या हातोडीने पुन्हा ठोका, आणि ती हातोडी डिकीतच राहू द्या.