कुंभारजुव्याचा ‘कालवा’ खणला कोणी?

गोव्यात बाणस्तारीच्या पुलावरून रोज फोंड्याला जाणाऱ्या एका शिक्षिकेचा प्रश्न: “वर्तमानपत्रात ‘कुंभारजुवे कालवा’ असं वाचते, सासरे मात्र खाडी म्हणतात. बरोबर काय? आणि कालवा असेल तर तो खणला कोणी?”

कोणीच नाही. मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडणारा हा भरती-ओहोटीचा नैसर्गिक प्रवाह आहे. याच पाण्यामुळे तिसवाडी तालुका फोंड्यापासून सुटा झाला. मराठीत ‘कालवा’ म्हटलं की कुदळ-फावडं आलंच. तिळारी धरणाचं पाणी पेडणे, डिचोली, बार्देशात आणतो तो खरा कालवा. त्याहून लहान तो पाट.

घोटाळा पोर्तुगीज ‘कानाल’ या शब्दाने केला. त्यात खणलेला कालवाही येतो आणि जहाजं जाण्याजोगी नैसर्गिक सामुद्रधुनीही. आपण जिला इंग्लिश खाडी म्हणतो, तिला पोर्तुगीज ‘कानाल दा मांशा’ म्हणतात. ती काय कोणी खणली? इंग्रजी नकाशांनीही ‘कॅनल’च ठेवलं आणि भाषांतरकाराने शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला.

दर्यावर्दी अर्थाने मात्र नाव चपखल आहे. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादकडे, वाळूचा दांडा धोक्याचा होतो. मग खनिजाच्या बार्जी, म्हणजे मालवाहू होड्या, याच आतल्या वाटेने जुवारीत उतरून मुरगाव बंदर गाठायच्या. गंमत म्हणजे 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात हा 27 क्रमांकाचा जलमार्ग आहे आणि तिथे त्याला चक्क ‘नदी’ म्हटलंय!

गावाचं नाव सोपं. जुवें म्हणजे कोकणीत बेट. सांत इस्तेव्ह बेटाला आजही लोक नुसतं ‘जुवें’ म्हणतात. कुंभारांचं बेट ते कुंभारजुवें, अशी फोड सांगतात. जुन्या गोव्याच्या बाजारपेठेला लागून असल्याने इथे हिंदू व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. गावची शांतादुर्गा कुंभारजुवेकरीण मात्र आता पलीकडे माशेलला आहे. गणपती विसर्जनाला इथे होड्या जोडून त्यांवर देखावे उभे करतात, तो ‘सांगोड’. आपण दोन गोष्टींची ‘सांगड’ घालतो ना, तीच ही, फक्त पाण्यावरची.

तेव्हा सासऱ्यांचं बरोबर. मी स्वतः ‘कुंभारजुव्याची खाडी’ लिहितो. बातमीत रूढ विशेषनाम म्हणून ‘कालवा’ आला तर खोडत नाही, पण मुलांच्या निबंधात ‘पोर्तुगीजांनी खणलेला’ असं दिसलं की तांबडी शाई काढावी.