नगरपालिकेच्या खात्यात कोटींची शिल्लक, मग गटारीला पैसे का नाहीत?

तुम्ही विचारलंय की, ३१ मार्चच्या ताळेबंदात बँक शिल्लक काही कोटी दिसते, तरी मुख्याधिकारी गटार दुरुस्तीला 'निधी नाही' म्हणतात, तर खोटं कोण बोलतंय? बहुधा कोणीच नाही. मी लेखापरीक्षकाच्या कार्यालयात काम करतो, आमच्याकडे नगरपालिकांचे ताळेबंद जुळवायला येतात. तुम्ही गावाचं नाव लिहिलेलं नाही, पण पारोळा असो की शहादा, साचा एकच.

बँकेतला बराचसा पैसा पालिकेचा नसतोच. मार्च एंडला शासनाचं अनुदान येऊन पडतं. ते ज्या कामासाठी आलं त्यावरच खर्चायचं, म्हणून ताळेबंदात ते दायित्वाच्या (म्हणजे देण्यांच्या) बाजूला 'अखर्चित अनुदान' म्हणून बसतं. पंधराव्या वित्त आयोगातले आपल्यासारख्या गावांचे ६० टक्के पैसे पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले. शिवाय ठेकेदारांच्या अनामत ठेवी, ज्या कधी ना कधी परत द्यायच्या. समजा, बँकेत ९ कोटी आहेत, त्यात ६ कोटी अनुदान आणि दीड कोटी अनामत. उरले दीड. आता त्याच पानावर महावितरणचं थकीत बिल शोधा. तापीवरून पाणी उचलणाऱ्या गावांत पंपांचं बिल साधं नसतं. निवृत्तांची देणीही तिथेच असतात. दीड कोटी कुठे गेले ते लगेच कळेल.

मालमत्तेचा आकडा सगळ्यात मोठा असतो आणि माझ्या मते सगळ्यात बिनकामाचा. त्यात रस्ते, गटारी, जलकुंभ, शाळांच्या इमारती. रस्ता विकून पगार होत नाही. कामाचा आकडा घरपट्टी-पाणीपट्टीच्या थकबाकीचा. थकबाकीवर महिना २ टक्के शास्ती (दंड) असूनही लोक भरत नाहीत, कारण निवडणुकीआधी माफी होईल अशी आशा असते (आणि ती पुष्कळदा खरीही ठरते!). जुन्या थकबाकीसमोर बुडीत वसुलीची तरतूद, म्हणजे वसूल होणार नाही असं धरून वजा केलेली रक्कम, दाखवली आहे का, तेवढं बघा. काहीच नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीची पाणीपट्टीही वसूल होणार असं धरलेलं आहे.

कर्जाचं म्हणाल तर बहुतेक नगरपालिकांवर ते थोडंच असतं. जळगावचा अपवाद. घरकुलांसाठी तिथल्या नगरपालिकेने हुडको या घरबांधणीला कर्ज देणाऱ्या सरकारी कंपनीकडून काढलेलं कर्ज २००३ साली महापालिका झाल्यावरही वर्षानुवर्षं मानगुटीवर होतं.

राखीव निधी म्हणजे तिजोरीत वेगळी ठेवलेली रक्कम असंही समजू नका. दिव्यांगांसाठी आणि महिला-बालकल्याणासाठी स्वउत्पन्नाचे प्रत्येकी ५ टक्के राखून ठेवायचे असतात. कागदावर ते दिसतात, पण तेवढी मुदत ठेव खरंच आहे का हे बँकेच्या यादीशी ताडून पाहावं लागतं.

माहिती अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा, पण नुसता 'ताळेबंद' मागू नका, एकच पान हातात पडेल. बँक शिल्लक, अखर्चित अनुदान आणि ठेवी यांच्या अनुसूची (तपशिलाच्या याद्या) मागा, सोबत ३१ मार्चचा बँक ताळमेळ, म्हणजे पालिकेच्या वहीतली आणि बँकेतली शिल्लक जुळवणारा तक्ता.