मी फ्रान्समधल्या लिल शहरात राहतो. तिथून जवळचं नव्ह-शापेल हे गाव बघण्यासारखं आहे का? आपल्या लोकांचा त्याच्याशी काय संबंध?

तुम्ही लिलला राहता म्हणताय, मग जरूर जा. फक्त गाव बघायला म्हणून गेलात तर निराश व्हाल. पा-द-काले जिल्ह्यातलं हे खेडं, वस्ती हजारापेक्षा थोडी जास्त, विटांची घरं आणि भोवती सपाट शेतं. जुनं काही शिल्लक नाही, पहिल्या महायुद्धात गाव पार भुईसपाट झालं होतं.

तो सपाटपणाच नीट बघा. जमीन चिकणमातीची, थोडं खणलं की पाणी. त्यामुळे खोल खंदक जमेनात, मातीच्या पोत्यांच्या भिंती रचून सैनिक त्यांच्याआड बसत. पूर्वेला ओबेरचा उंचवटा आहे. आपण सह्याद्रीवाले त्याला टेकाडही म्हणणार नाही, पण तिथून सगळा मुलूख दिसतो. युद्धात सगळी धडपड त्या उंचवट्यासाठीच होती.

१० मार्च १९१५ ला ब्रिटिशांनी इथल्या जर्मनांवर ३५ मिनिटं तोफा डागल्या आणि ब्रिटिश हिंदी फौजेच्या मीरत डिव्हिजनमधल्या गढवाली पलटणी ब्रिटिश तुकड्यांबरोबर पुढे गेल्या. गाव पहिल्याच दिवशी हाती आलं, ओबेर मात्र नाही. टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, हुकूम उशिरा पोहोचलेले, तोफगोळे संपत आलेले. १३ तारखेला सगळं थांबलं. मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून भारतीय सुमारे ४,२०० होते. गढवाली सैनिक गबरसिंह नेगींना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं ते इथलंच.

या लढाईबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. पुण्याचा धागा मात्र त्याआधीचा, आणि माझ्या मते जास्त चटका लावणारा. २८ ऑक्टोबर १९१४ ला जर्मनांच्या ताब्यातल्या या गावात ४७ व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी बांधकाम पथकाच्या, २० आणि २१ नंबरच्या कंपन्या शिरल्या. त्यांत मराठे, शीख, मुसलमान असे सगळे होते. पूल आणि रस्ते बांधणारी ही माणसं संगिनी घेऊन घराघरांत लढली. मागून कुमक आली नाही, माघार घ्यावी लागली. कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले.

गावाबाहेर ला बोंब चौकात भारतीय स्मारक आहे, १९२७ चं, वास्तुकार हर्बर्ट बेकरने आखलेलं. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं तिथे कोरलेली आहेत. ती पलटणींप्रमाणे लावलेली असल्याने सॅपर्सची नावं शोधायला सोपी जातात. समोरच पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी आहे, तीही बघून घ्या. लिलहून रेल्वेने ला बासे गाठा, तिथून साधारण ५ किलोमीटर. खायला मात्र बरोबर न्या.