विड्या वळणाऱ्या आईचा खांदा: बेल्ट नको, बैठक बदला आणि ताकद वाढवा

तुम्ही लिहिलंय की आई निपाणीत कित्येक वर्षं घरी विड्या वळतात, पाठीला पोक आलाय, हात वर नेताना उजवा खांदा दुखतो आणि मागवलेल्या पोश्चर बेल्टनं काही फरक पडला नाही. बेळगावात फिजिओथेरपी करताना असे खांदे मी सतत पाहते. विडीवाल्या बायकांचे, वडगावच्या विणकरांचे, उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्यांचेही. बेल्ट काढून ठेवा. तो खांदे मागं ओढतो खरा, पण ज्या स्नायूंनी ते काम करायचं त्यांना त्यातून ताकद मिळत नाही.

मांडीवर सूप, मान खाली, दोन्ही हात पुढं. डोकं साधारण पाच किलोचं असतं, आणि पुढं झुकलेलं ते वजन मानेमागचे स्नायू तासन्‌तास तोलत बसतात. छातीचे स्नायू आखडतात, खांद्याच्या फऱ्याला धरणारे दुबळे होतात. चेक डॉक्टर व्लादिमीर यांडा यांनी या आखडलेल्या-दुबळ्या जोड्यांना ‘अप्पर क्रॉस्ड सिंड्रोम’ म्हटलं. पण पोक आहे म्हणजे दुखणारच, असं नसतं. पोक असूनही अजिबात न दुखणारी पुष्कळ माणसं आहेत. म्हणून ‘ताठ बस’ म्हणत आईंच्या मागं लागू नका.

आधी बैठक बदला. बुडाखाली जाड घडी, पाठीला भिंत, सूप पाटावर थोडं उंच. अर्ध्या तासानं एकदा उठायचंच, मग नग कमी पडले तरी चालतील.

व्यायामात सगळ्यात महत्त्वाचा ओढण्याचा. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला अडकवायची, कोपरं अंगालगत ठेवून दोन्ही टोकं मागं ओढायची, फरे जवळ आणून दोन-तीन सेकंद थांबायचं, मग हळू सोडायचं. दहा-बारा वेळा, असे दोन फेरे, एक दिवस आड. सोपं वाटू लागलं की ट्यूब आखूड धरायची. ताण वाढवला नाही तर ताकद वाढत नाही. भिंतीला हात टेकून जोर काढायचे आणि शेवटी भिंत आणखी थोडी ढकलायची, म्हणजे फरा बरगड्यांना धरणारा स्नायू कामाला लागतो. उताणं झोपून हनुवटी गळ्याकडं आत घेणं आणि दाराच्या चौकटीला हात टेकून छाती ताणणं रोज करा.

करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी निवळलं तर चालू ठेवा. रात्री ठणकलं तर फेरे कमी करा. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. आठवड्याभरात सोडून देणारेच जास्त, त्यामुळे सोबतीला तुम्ही उभे राहा.

हाताला मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल किंवा पडल्यानंतर हात उचलत नसेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. खांद्याबरोबर छातीत दडपण, घाम, धाप असेल तर व्यायाम नाही, थेट दवाखाना.

आणखी एक बघा. आईंना अंबाडा घालताना किंवा पाठीमागं हात नेताना खांदा अडकतो का? कुणी दुसऱ्यानं हलवला तरी हात तिथंच थांबतो का? तसं असेल तर हा आखडलेला खांदा, म्हणजे ‘फ्रोझन शोल्डर’ असू शकतो. मधुमेहींत तो जास्त दिसतो आणि त्याचे व्यायाम वेगळे. त्यांची साखर तपासलीय का, तेवढं कळवा.