जुन्या गाडीची डुप्लिकेट चावी करायचीय? आधी हे वाच

भावा, चावीचा रिमोट चालत नसेल तर शोरूमला फोन करायच्या आधी तो उघडून सेल बदलून बघ, बहुतेक वेळा सीआर २०३२ नाहीतर १६२० असतो, नंबर सेलवरच छापलेला असतो. बटणं फाटली असतील किंवा केस तुटली असेल तर नुसतं शेल, म्हणजे बाहेरचं प्लास्टिकचं कव्हर, मिळतं ऑनलाइन, आतलं सर्किट काढून त्यात बसवायचं, पण जुनं शेल लगेच फेकू नकोस हां, इमोबिलायझरची चिप (ही ओळखल्याशिवाय गाडी इंजिन चालू होऊ देत नाही) बऱ्याचदा सर्किटवर नसून प्लास्टिकच्या कोपऱ्यात वेगळी चिकटवलेली असते, ती गेली की सेंट्रल लॉक उघडेल पण गाडी चालू होणार नाही.

आणि एक चावी चालू आहे तोवरच दुसरी करून घे. एक असली की चावीवाला चावीचं पातं कापून चिप क्लोन, म्हणजे कॉपी, करून देतो, स्वस्तात होतं. दोन्ही हरवल्या की गाडीच्या कॉम्प्युटरला नवीन चावी शिकवावी लागते, तिथे खर्च वाढतो. रिमोट नसला तरी चालतं खरं तर, साधी चिपवाली चावी स्पेअर म्हणून पुरते. चावीवाल्याला गाडीजवळच बोलव आणि इंजिन चालू होऊन दोन मिनिटं चालल्याशिवाय पैसे देऊ नकोस, नुसतं दार उघडलं म्हणजे झालं असं नाही. हरवलेली चावी गाडीच्या मेमरीतून डिलीट करता येते का तेही विचार.