नाशिकच्या द्राक्षबागांवरून हेलिकॉप्टर: दहा मिनिटांत काय दिसतं आणि त्यासाठी काय ठरवून घ्यायचं

तुम्ही विचारलंय की आई-वडिलांच्या लग्नाला फेब्रुवारीत 40 वर्षं होतायत, त्यांना पुण्याहून नाशिकला आणून द्राक्षबागांवरून दहा मिनिटांची हेलिकॉप्टर राइड द्यायची आणि मग एखादी वाइनरी दाखवायची. पैसे वसूल होतील का? आणि आईंना उंचीची भीती वाटते, तर त्यांना बसवावं का?

दोन्हींना माझं उत्तर हो आहे. मात्र महिना, वेळ, मार्ग आणि सीट या चार गोष्टी पैसे भरायच्या आधी ठरवून घ्या. मी दिंडोरी तालुक्यातला, घरी द्राक्षाची बाग आहे. आत्तापर्यंत दोनदा बसलोय. पहिल्यांदा पैसे अक्षरशः वाया गेले. दुसऱ्यांदा जे पाहिलं ते आजही घरात जेवताना निघतं.

पहिली खेप एप्रिलच्या शेवटी, दुपारी एकच्या सुमारास. मोठं हेलिकॉप्टर होतं, मागे ओळीने चार सीट, त्यात माझी मधली. दोन्ही बाजूंना लोकांचे खांदे आणि त्यांच्या मोबाइलचे हात. खाली सगळं करडं, वर आभाळ धुरकट पांढरं. उतरल्यावर घड्याळ पाहिलं तर हवेत जेमतेम साडेसहा मिनिटं भरली होती. विचारलं, तर म्हणाले, दहा मिनिटं पंखा सुरू झाल्यापासून मोजतात. म्हणून बुकिंगच्या वेळी पहिला प्रश्न हाच विचारा: जमीन सोडल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत किती मिनिटं? उत्तर मेसेजमध्ये लिहून मागा. दोन ठिकाणचे दर ताडून बघायचे तर जीएसटीसकट रकमेला हवेतल्या मिनिटांनी भागा.

एप्रिलमध्ये बागा करड्या का होत्या, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. आपल्याकडे द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे जुन्या काड्या काढून वेल जवळजवळ बोडकी करायची. मग पावसाळाभर काडी तयार होते. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, आणि त्या फुटीवर घड लागतात. वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडणीला येतात, खायची द्राक्षंही त्याच सुमारास. फ्रान्स-इटलीत तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते, त्यामुळे परदेशी व्हिडिओ बघून दिवाळीत नाशिकला येणाऱ्यांना नुकत्याच छाटलेल्या बागा बघाव्या लागतात. तुमचा फेब्रुवारी अगदी नेमका आहे, तो बदलू नका.

वेळ सकाळी साडेआठ ते दहा. त्याआधी धरणावर आणि नदीकाठी धुकं रेंगाळतं. अकरानंतर जमीन तापते, गरम हवा वर यायला लागते आणि हेलिकॉप्टर गचके खातं. कुणी "अंधारात उडून सूर्योदय वरून बघा" असं सांगत असेल तर तिथेच थांबा. आपल्याकडे नजरेच्या भरवशावर होणारी उड्डाणं सूर्योदयाच्या 20 मिनिटं आधीपासून सूर्यास्तानंतर 20 मिनिटांपर्यंतच करता येतात. 26 जानेवारीचा लाँग वीकेंड बऱ्याच जणांना सोयीचा वाटतो, पण त्या दिवशी ड्राय डे असतो, म्हणजे वाइनरीत जाऊन टेस्टिंग मिळणार नाही.

आता मार्ग. इथे लोक सर्वांत जास्त फसतात. "गंगापूर धरण, त्र्यंबकेश्वर, रामशेज किल्ला, दिंडोरीच्या वाइनरी, सगळं दहा मिनिटांत" अशी जाहिरात दिसली तर कागद-पेन घ्या. लहान हेलिकॉप्टर निवांत फिरवताना ताशी 180 किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे मिनिटाला तीन. चढण्या-उतरण्याची दोन मिनिटं सोडली तर आठ मिनिटांत 24 किलोमीटर. जाऊन परत यायचं, म्हणजे 12 किलोमीटर पलीकडे जाता येत नाही, आणि एखाद्या जागेवर गिरकी मारली तर तेही कमी. नाशिकपासून त्र्यंबक रस्त्याने 30 किलोमीटरच्या आतबाहेर आहे आणि दिंडोरी दुसऱ्याच दिशेला. एकच भाग निवडा. माझ्या मते तो गंगापूर धरणाचा: पाण्याच्या अलीकडे गोवर्धन-सावरगावचा वाइनरीचा पट्टा, पलीकडे गिरणारे, आणि मागे अंजनेरी-ब्रह्मगिरीची भिंत. पायलट मार्ग किंचित बदलू शकतो, पण तेही आधी बोलून ठेवलं तरच.

"खऱ्या द्राक्षाच्या गावांवर न्या ना, पिंपळगाव, निफाड, मोहाडी" असं तुमच्या बाबांना वाटेल, कारण द्राक्षांचा समुद्र तिकडेच आहे. पण त्या पट्ट्याच्या मधोमध ओझरचा विमानतळ आहे. तिथे एचएएल या सरकारी विमान कंपनीचा कारखाना, त्यांची लढाऊ विमानं, शिवाय प्रवासी विमानं. नाशिक रोडला गांधीनगरच्या धावपट्टीवर लष्कराच्या वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं आणि देवळालीत तोफखान्याचं. मनात आलं म्हणून तिकडे हेलिकॉप्टर वळवता येत नाही. पायलटने एअर ट्रॅफिक कंट्रोलची परवानगी नाही म्हणून दिशा बदलली तर वाद घालू नका, तो बरोबर असतो. आणि अशा ठिकाणी फोटो काढू नका म्हटलं की मोबाइल खिशात ठेवा.

वरून काय दिसतं? द्राक्षाचे घड दिसत नाहीत, ते पानाखाली असतात. दिसते ती लागवडीची पद्धत. खायच्या द्राक्षाची बाग मांडवावर असते, तो वरून सलग हिरवा गालिचा दिसतो. त्यात काही बागांवर पांढरं प्लॅस्टिकचं आच्छादन, ते उन्हात पाण्यासारखं चमकतं. वाय पद्धतीची, म्हणजे इंग्रजी Y आकाराच्या आधारांवर चढवलेली बाग जाड पट्ट्यांची. आणि वाइनच्या द्राक्षाच्या बागा बहुतेक उभ्या तारांवर, त्यामुळे फणीने विंचरल्यासारख्या बारीक रेषा आणि मधे लाल-तपकिरी माती. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की वरून बोटाने दाखवता येतं, ही वाइनची, ही टेबलची, म्हणजे खायची. मग शेततळी. प्लॅस्टिकचं अस्तर घातलेले ते चौकोन इतके आहेत की पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. या भागातली द्राक्षशेती किती पाण्यावर उभी आहे हे रस्त्यावरून कधीच कळत नाही.

म्हणून माझी एक विनंती. आदल्या दिवशी संध्याकाळीच नाशिकला या आणि बागेत पायी चाला. मांडवाखाली वाकून उभे राहा, वाइनच्या ओळीतून फिरा. बाग आधी आतून पाहिलेली असली की वरून ती ओळखीची वाटते, नाहीतर सगळा नुसता हिरवा रंग.

दुसऱ्या खेपेला मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, घेऊन गेलो होतो. पायलट आणि तीन प्रवासी एवढंच लहान मशीन. अण्णा पुढे, मी आणि बायको मागे. त्या माणसाने चाळीस वर्षं मांडवाखाली मान वाकवून काम केलंय आणि स्वतःची काय, कुणाचीच बाग वरून कधी पाहिली नव्हती. पहिली दोन मिनिटं ते एक शब्द बोलले नाहीत. धरण ओलांडून गिरणाऱ्याच्या बाजूला आलो तसा हेडफोनमध्ये त्यांचा आवाज आला, "ती कडेची ओळ पिवळी पडलीय बघ. पाणी पोचत नाही तिला." बाग आमच्या मावसभावाची निघाली, शेजारच्या दोन शेततळ्यांवरून अण्णांनीच ओळखली. उतरल्या उतरल्या त्याला फोन लावला. संध्याकाळी त्याचा परत फोन: त्या ओळीची लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, तोंडाशीच गाळाने चोकअप झाली होती. खालून चालताना त्याला ती पिवळेपणाची झाक इतके दिवस कळली नव्हती. अण्णा आजही ती गोष्ट पाहुण्यांना सांगतात, आणि सांगताना हाताने हेलिकॉप्टर कसं वळलं ते दाखवतात.

सीटबद्दल. हेलिकॉप्टरमध्ये सीट वजनावर ठरते, आधी आलेल्याला खिडकी असं नसतं. काट्यावर उभं करून वजन घेतात, बॅगसकट. फोनवर वजन कमी सांगू नका, तोल त्यावरच बसवलेला असतो. पायलट आणि तीन प्रवाशांचं रॉबिन्सन आर-44 असेल तर प्रत्येकाला खिडकी मिळते, तुम्हा तिघांसाठी तेच उत्तम, फक्त तिघांचं मिळून वजन चालतं का ते आधी विचारा. एच-125 मध्ये मागच्या ओळीत चौघं बसतात आणि मधल्या दोघांना शेजाऱ्याच्या खांद्यावरून बघावं लागतं. बेल-407 मध्ये काही सीट उलट्या तोंडाच्या असतात, ज्यांना बस लागते त्यांनी त्या टाळाव्यात. मशीन कोणतं आणि कितीजण बसणार, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. कपडे गडद रंगाचे घाला, पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब काचेत पडून सगळे फोटो बिघडतात.

कागदपत्रांचं विचारायला लाजू नका. ऑपरेटरकडे डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा परवाना हवा, प्रवाशांचा विमा हवा, आणि शेपटीवरचा नोंदणी क्रमांक "व्हीटी"ने सुरू होणारा हवा. ज्याच्याकडे हे आहे तो दोन मिनिटांत दाखवतो. मशीन मुंबईच्या जुहूहून फक्त तुमच्यासाठी मागवत असाल तर त्याच्या रिकाम्या येण्या-जाण्याचे तासही बिलात लागतात. दहा मिनिटांसाठी ते परवडणारं नसतं. त्यापेक्षा ज्या दिवशी इथे आधीच राइड ठेवल्या असतील, तो दिवस गाठा.

हवामानामुळे रद्द झालं तर पूर्ण पैसे परत की फक्त दुसरी तारीख, हे लेखी घ्या. आणि खरोखर रद्द झालं तर रागावू नका. 15 जून 2025 ला केदारनाथहून परतताना गौरीकुंडजवळ हेलिकॉप्टर कोसळून सात जण गेले, तेव्हाही त्या भागात ढग आणि धुकं होतं. जो पायलट "आज नको" म्हणतो त्याचे आभार माना.

वाइन उतरल्यानंतरच. प्यायलेल्या माणसाला बसवत नाहीत, तसा नियमच आहे, आणि बसवलं तरी पोट साथ देत नाही. उतरल्यावर गंगापूर धरणाच्या काठाला सुला आणि यॉर्क या वाइनरी जवळजवळ आहेत. सुलाची पहिली वाइन 2000 साली आली, नाशिकच्या वाइनचा आजचा सगळा पसारा त्यानंतरचा. बाबांना शँपेनच्या पद्धतीची फेसाळ वाइन आवडत असेल तर दिंडोरीला शाँदों ही वाइनरी आहे. पहिल्यांदाच चाखणार असतील तर शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनपासून सुरुवात करा, किंचित गोडसर असते, सकाळच्या उन्हात फिरून आलेल्या माणसाला बरी वाटते. गाडी चालवायला पगारी ड्रायव्हर ठेवा.

पैसे जुळले नाहीत तर मन खट्टू करू नका. मुघल फौजेला वर्षानुवर्षं झुंजवणारा रामशेज नाशिकपासून जवळ आहे, चढ फार नाही. सकाळी माथ्यावरून दिंडोरीकडच्या बागा खाली पसरलेल्या दिसतात, आणि तिथे दहा मिनिटांचं बंधन नाही.

आता आईंचं. उंचीची भीती गच्चीच्या कठड्यावर वाटते तशी हेलिकॉप्टरमध्ये बहुतेकांना वाटत नाही, कारण पायाखालून जमिनीपर्यंत जाणारी भिंत नजरेला पडत नाही. माझ्या बायकोला आमच्या गच्चीवर चक्कर येते, वर तिला काही झालं नाही. घाबरवतो तो एकच क्षण: हेलिकॉप्टर सरळ वर उठतं, क्षणभर तरंगतं आणि पुढे निघताना नाक खाली घालतं. कोसळतोय असं वाटतं. हे त्यांना आदल्या रात्री सांगून ठेवा, म्हणजे तो क्षण आला की त्या स्वतःच म्हणतील, हं, हेच ते. नजर खाली न ठेवता दूर डोंगरावर ठेवायला सांगा. हृदयाचा त्रास असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा. साडीच नेसायची असेल तर पदर कमरेला घट्ट खोचलेला हवा आणि ओढणी, टोपी, स्कार्फ गाडीतच. चढताना पायरी गुडघ्याएवढी उंच असू शकते, छोटं स्टूल मागून घ्या. पंखा फिरत असताना पुढच्या बाजूनेच, माणूस हात धरून नेईल तेव्हाच जायचं, शेपटीकडे कधीही नाही.

पायलट उजवीकडे बसतो, त्याच्या शेजारची डावी पुढची सीट सर्वांत मोकळी. वजनाचं गणित बसत असेल तर ती आईंना मागा, आणि गिरकी डावीकडे घ्यायला सांगा, म्हणजे धरण आणि बागा त्यांच्या बाजूला येतील. बाबा मागे बसले तरी चालतील, त्यांना तसंही आईंचा चेहरा बघायचा असेल.